मल्लचरित्रे आणि कुजबूज

सातारा येथे २०२२ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा भरली आणि पुढच्याच वर्षी महिलांच्या पहिल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा मान सांगलीस मिळाला. अशा प्रसंगी मैदानाइतकीच गर्दी छापखान्यांतही उसळते. स्मरणिका निघतात, वृत्तपत्रांच्या पुरवण्या निघतात, जुन्या मल्लांच्या एकसष्टीचे व पंचाहत्तरीचे गौरवग्रंथ निघतात, आणि एखादा शिक्षक किंवा सोसायटीचा निवृत्त सचिव आपल्या गावच्या पैलवानाचे शंभर-सव्वाशे पानांचे चरित्र पदरमोड करून प्रसिद्ध करतो. या वाङ्मयाकडे टीकाकारांनी आजवर ढुंकूनही पाहिले नाही. ते विद्वानांच्या मेजापर्यंत पोचत नाही, आणि पोचले तरी त्यात वाङ्मय म्हणून पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न विद्वज्जन करतील. आम्ही या दोन जिल्ह्यांत जेवढी हाती लागली तेवढी अशी पुस्तके व पुस्तिका वाचून काढली. त्यांचे परीक्षण येथे योजिले आहे, त्यास एक विशेष कारण घडले आहे.

ते कारण असे. कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत कोठेही कुस्तीचे मैदान पाहून परतणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात हल्ली एक वाक्य हमखास कानी पडते: ‘ते शरीर काही नुसत्या दुधातुपाचे नव्हते!’ आजच्या तरुण पैलवानांविषयी कोणी असे बोलला तर त्यास थोडाफार आधार तरी दाखविता येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वैद्य जे मेफेंटरमाइन नावाचे औषध टोचतात, त्याच्या कुप्या चोरट्या मार्गाने व्यायामशाळांपर्यंत पोचतात, आणि अशा कुप्या पकडल्याची वृत्ते पश्चिम महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वारंवार आली आहेत. परंतु हेच वाक्य आता मागे सरकत चालले आहे. ज्यांनी लंगोट केव्हाच खुंटीस टांगला, ज्यांची गदा काचेच्या कपाटात आहे, जत्रेच्या फडात शिरताना पोरे ज्यांच्या पाया पडतात, त्यांच्याविषयीही ते बोलले जाते. आणि गंमत अशी की, बोलणारा गृहस्थ फडात गेल्यावर स्वतःही त्याच पायांस हात लावतो. कोणाचेही नाव आम्ही येथे लिहिणार नाही. जे कोणी चारचौघांत उभे राहून म्हणत नाही ते आम्ही छापून त्यास वजन आणावे, हे न्यायाचे होणार नाही. आमचा प्रश्न वाङ्मयाचा आहे. या कुजबुजीस आपल्या चरित्रकारांनी काय उत्तर दिले आहे, आणि ती उत्पन्न होण्यास त्यांच्या लेखणीचा काही हातभार लागला आहे काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

प्रथम या लेखनाचा गुण सांगितला पाहिजे, कारण तो सामान्य नाही. प्रत्यक्ष कुस्तीचे वर्णन आले की हे लेखक एकाएकी उत्तम गद्य लिहू लागतात. हलगी वाजू लागते, शड्डू घुमतो, दोघे खडाखडी करीत एकमेकांचे मनगट जोखतात, आणि मग एकाने पट काढण्यास वाकावे तोच दुसऱ्याने मानेवर घिस्सा ओढावा, त्यातून सुटून पहिल्याने ढाक लावावी, हे सारे अशा चपळ व नेमक्या वाक्यांत येते की, ज्याने आयुष्यात आखाड्याची माती पायास लागू दिली नाही अशा वाचकाच्याही दंडास कंप सुटावा. येथे एकही विशेषण फुकट गेलेले नसते. याचे कारण उघड आहे. डाव हा लेखकाने डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि तो चुकीचा लिहिला तर गावातील पन्नास जाणती माणसे दुसऱ्या दिवशी पारावर त्याची हजेरी घेतील, हे त्यास पक्के ठाऊक असते. या लेखकांस चांगले लिहिता येत नाही, असे कोणास म्हणताच येणार नाही.

मग तोच लेखक दोन पाने मागे, ‘मेहनत आणि खुराक’ या प्रकरणात, इतका सैल का होतो? असे प्रकरण नसलेले चरित्र आमच्या पाहण्यात आले नाही. त्यात पहाटे तीनला उठणे असते, दोन हजार जोर व तीन हजार बैठका असतात, दहा-बारा लिटर दूध, शंभर बदामांची थंडाई, शेरभर तूप आणि कोंबड्यांची एक लहानशी पलटण असते. अंक नेहमी शून्यान्त असतात. एकोणीसशे चाळीस जोर मारणारा पैलवान मराठी भाषेत अद्याप जन्मास यावयाचा आहे. हे जोर वयाच्या कोणत्या वर्षी, किती महिने, कोणाच्या देखरेखीखाली काढले. दूध घरच्या म्हशीचे की विकतचे. मधल्या दुष्काळात काय झाले. वजन केव्हा किती होते. गुडघा दुखावला तेव्हा कोणता वैद्य पाहिला, यांपैकी एकाही प्रश्नास उत्तर नाही. पोवाड्यात असली अतिशयोक्ती शोभते, कारण डफावर थाप पडली की ऐकणारा मनातल्या मनात हिशेब कमी करून घेतो. बखरकारही सैन्याचे आकडे फुगवून सांगत असत, आणि पुढे इतिहाससंशोधकांना ती सूज उतरविण्यात हयाती घालवाव्या लागल्या. चरित्रकार मात्र गद्यात, सनावळीसह, छायाचित्रे छापून लिहितो. त्याच्या अंकास वाचक अंकच समजतो.

शिराळा तालुक्यातील एका वृद्ध वस्तादांना आम्ही त्यांच्याच गौरवग्रंथातील हे प्रकरण वाचून दाखविले. दिवसास बारा लिटर दूध हे वाक्य ऐकून ते मोठ्याने हसले. म्हणाले, “मास्तर, आमच्या गोठ्यात म्हैस एक. तीही आठ महिने दूध द्यायची. पावसाळ्यात दोन तांबे मिळायचे, उन्हाळ्यात शेंगदाणे आणि भाकरी. विसाव्या वर्षी मी अडुसष्ट किलो भरलो होतो. बाजार समितीच्या काट्यावर केले होते वजन.” मग बारा लिटर कोठून आले, असे विचारता त्यांनी खांदे उडविले. लिहिणाऱ्याला बरे वाटते, असे ते म्हणाले. सर्व पुस्तकात मिळून जेवढे सत्य या मल्लाविषयी आम्हांस कळले नव्हते तेवढे या चार वाक्यांत कळले. आणि आमच्या मते त्या माणसाची थोरवी बारा लिटरांनी कमी होत होती व दोन तांब्यांनी वाढत होती. एका म्हशीवर आणि शेंगदाण्यांवर ज्याने जोडीचा पैलवान आसमान दाखवून चीत केला, त्याचे चरित्र वाचनीय की दूधगंगेत पोहणाऱ्याचे?

आता कुजबुजीकडे वळू. तिचे शब्द नीट ऐकले तर असे दिसते की, ती या प्रकरणाची सावली आहे. ज्या वाचकास दोन हजार जोर व बारा लिटर दूध खरे वाटेनासे झाले, त्याच्यापुढे एक मोठे शरीर कारणाविना उभे राहते. कारण दिलेले आहे, पण ते अविश्वसनीय आहे; तेव्हा तो दुसरे कारण शोधतो, आणि अलीकडच्या वृत्तपत्रांनी ते त्याच्या हाती आयतेच ठेवले आहे. कुजबूज करणारा आणि स्तुती करणारा यांची रीतही एकच आहे. साक्षीदार नाही, तारीख नाही, आणि प्रमाण विचारू गेल्यास ‘सगळ्यांना ठाऊक आहे’ हे दोघांचेही उत्तर. स्तुतीच्या जागी नालस्ती ठेवली तरी वाक्याची रचना बदलावी लागत नाही.

यास थोडी कालगणना तरी उपकारक झाली असती, पण तीही चरित्रकारांनी केलेली नाही. टेस्टोस्टेरोन हे पुरुषशरीरातील द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले ते १९३५ साली. त्या संशोधनाबद्दल बुटेनांट व रुझिच्का यांस १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायू वाढविणारी म्हणून जिची गोळी पुढे जगभर पसरली ती मेथॅन्डिनोन अमेरिकेत सिबा कंपनीने डायनाबॉल या नावाने बाजारात आणली ती १९५८ साली. ऑलिंपिकमध्ये या जातीच्या औषधांसाठी खेळाडूंचे परीक्षण सुरू झाले ते १९७६ साली माँट्रिऑल येथे. आपल्या देशात नाडा ही संस्था २००५ साली स्थापन झाली आणि तिचे परीक्षणाचे काम २००९ साली सुरू झाले. या विषयाचा स्वतंत्र कायदा तर २०२२ सालचा आहे. जत्रेच्या फडात असले परीक्षण सहसा कोणी करीत नाही. या सनांचा अर्थ दोन्ही बाजूंनी ध्यानात घेतला पाहिजे. ज्या काळी परीक्षणच नव्हते त्या काळच्या मल्लाविषयी ‘तो कधी दोषी ठरला नाही’ असे म्हणण्यात काही सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे, परीक्षण नव्हते म्हणून त्याने काहीतरी घेतलेच असले पाहिजे, असे म्हणण्यातही काही सिद्ध होत नाही. दुसरे वाक्य मात्र आजकाल अधिक चतुर वाटते, आणि चतुर दिसण्याचा मोह सुशिक्षितांस फार असतो.

साताऱ्याच्या मातीतील सर्वांत मोठ्या नावाकडे पाहिले म्हणजे नोंदीची किंमत कळते. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत हलक्या वजनगटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे सत्तावन्न किलोंच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. खाशाबांच्या बाबतीत कुजबूज उठत नाही, याचे कारण केवळ आदर हे नव्हे. त्यांचे वजन काट्यावर झालेले आहे व त्याची नोंद परक्या देशाच्या दप्तरी आहे. चार वर्षांत शरीर किती वाढले ते कोणालाही वजाबाकी करून काढता येते. कर्जाची रक्कम ठाऊक आहे, कर्ज देणारा ठाऊक आहे. माणूस ठेंगणा, अंगाने बेताचा, आणि अनेक मोठ्यांस पाणी पाजणारा. त्याच्या विजयाचे कारण त्याच्या डावांत सापडते. सांगली जिल्ह्यातील पुनवतचे गणपत आंदळकर व कवठेपिरानचे मारुती माने हे १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके घेऊन आले, तेही काट्यावर वजन देऊन व नियमांच्या चौकटीत लढून. यांच्यावरील लेखांत आणि पुस्तिकांत ही सारी माहिती एका परिच्छेदात उरकलेली व खुराकास चार पाने दिलेली पाहून आम्हांस खेद झाला. जे भक्कम आहे त्यावर ओझरती नजर आणि जे ऐकीव आहे त्याचा विस्तार, असा हा उलटा व्यवहार आहे.

हा दोष केवळ अभिरुचीचा असता तर आम्ही त्यासाठी एवढी शाई खर्च केली नसती. पण ही पुस्तके कोण वाचतो? शहरातील रसिक वाचीत नाहीत. माण-खटाव, खानापूर-आटपाडी या कोरडवाहू मुलखांतून तालमीत येऊन राहिलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले वाचतात. बापाने कर्ज काढून किंवा एखादा तुकडा विकून खुराकाची सोय केलेली असते, आणि उशाशी असल्या चरित्राची प्रत असते. मुलगा हजार जोरांपर्यंत पोचतो आणि त्याचे अंग मोडून येते. बारा लिटर दूध त्याला परवडत नाही, आणि परवडले तरी पचत नाही. पुस्तकात तर लिहिले आहे की, थोरांनी हे सहज केले. तेव्हा उणीव आपल्यातच आहे, असे त्याला वाटू लागते. त्याच सुमारास कोणीतरी सोबती कानाशी लागतो की, पुस्तकातले खरे समजू नकोस, त्यांनीही ‘घेतले’च होते. अशा रीतीने स्तुती आणि कुजबूज या दोघी मिळून त्या पोरास सुईपर्यंत नेऊन पोचवितात. स्टेरॉइड पोटात गेल्यावर यकृतावर, हृदयावर व पुरुषत्वावर काय परिणाम होतो, वाढत्या वयात उंची कशी खुंटते, मेफेंटरमाइनने रक्तदाब व हृदयाची गती कशी चढते, हे वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात आहे. मल्लचरित्रात मात्र त्याचा उच्चार नाही. चरित्रनायकाचा त्याच्याशी संबंध जोडला जाईल, ही भीती!

हाच प्रश्न एका श्रीमंत देशात, सर्व साधने हाताशी असताना, लेखकांनी कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. बेसबॉल ही अमेरिकेची चेंडूफळी; त्या लोकांचे तिच्यावर आपल्या कुस्तीइतकेच प्रेम. तीतील निवृत्त थोरांसाठी कूपर्सटाउन या गावी एक कीर्तिमंदिर आहे. तेथे कोणास स्थान द्यावे हे मुख्यतः जुने क्रीडालेखक मतदानाने ठरवितात. शंभरांत पंचाहत्तर मते मिळावी लागतात. न्यायासनावर लेखक बसलेले आहेत, म्हणून हे प्रकरण आमच्या मासिकाच्या कक्षेत येते. १९९८ साली मार्क मॅग्वायर याने एका हंगामात सत्तर वेळा चेंडू सीमेपार भिरकावून सदतीस वर्षांचा जुना विक्रम मोडला, तेव्हा एका वार्ताहराने त्याच्या कपाटात एका द्रव्याची बाटली पाहिली व तसे लिहिले. ते द्रव्य बेसबॉलमध्ये त्या वेळी निषिद्ध नव्हते. तरी लोक संतापले ते बाटलीवर नव्हे, वार्ताहरावर. दुसऱ्याच्या कपाटात डोकावतो म्हणून त्याची छी-थू झाली. पुढे बारा वर्षांनी, २०१० साली, मॅग्वायरने आपण स्टेरॉइड घेतल्याचे स्वतःच सांगितले. स्तुतीचा पूर चढलेला असताना जे दिसले तेवढेच लिहिणारा तो एक मनुष्य आम्हांस त्या साऱ्या कथेचा खरा चरित्रकार वाटतो.

नंतर पूर ओसरला आणि कुजबुजीचा हंगाम आला. होझे कॅन्सेको या खेळाडूने २००५ साली पुस्तक लिहून स्वतःबरोबर इतरांचीही नावे घेतली. २००७ च्या डिसेंबरात माजी सेनेटर मिचेल यांचा चारशेंहून अधिक पृष्ठांचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात नव्वदीच्या आसपास नावे होती. हा अहवाल गद्य म्हणून रूक्ष आहे, आणि तेच त्याचे भूषण होय. अमुक औषधविक्रेत्याने असे सांगितले, अमुक तारखेचा धनादेश सोबत जोडला आहे, अमुक खेळाडूस भेटीस बोलाविले, तो आला नाही, अशी वाक्ये. वाचकास प्रत्येक नावामागे पुराव्याचे वजन निरनिराळे आहे हे दिसते. कोठे धनादेश आहे, कोठे एका माणसाचा शब्द. दुर्दैवाने पुढे लोकांनी वजने टाकून दिली आणि नावांची यादी तेवढी लक्षात ठेवली.

यादीबाहेरच्यांचे तर अधिकच विचित्र झाले. जेफ बॅगवेल नावाच्या खेळाडूवर कोणतीही चाचणी कधी उलटली नाही, मिचेल यांच्या अहवालात त्याचे नाव नाही. पण तरुणपणी तो सडपातळ होता व पुढे दंड भरले, एवढ्यावरून काही मतदारांनी त्याच्या नावापुढे खूण करण्याचे वर्षानुवर्षे टाळले; सातव्या खेपेस, २०१७ साली, तो निवडून आला. उलट बॅरी बाँड्स व रॉजर क्लेमेन्स हे त्या युगातील दोन सर्वांत मोठे खेळाडू; दोघांविरुद्ध बरेच काही प्रसिद्ध झाले, दोघांवर न्यायालयात खटले झाले. क्लेमेन्स २०१२ साली निर्दोष सुटला, बाँड्सवरील दोषनिर्णय २०१५ साली रद्द झाला. दहा वर्षे मतदारयादीवर राहूनही २०२२ पर्यंत लेखकांनी दोघांसही आत घेतले नाही. न्यायालयात अपराध सिद्ध न होणे आणि कीर्तीस पात्र असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे त्या लेखकांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण बॅगवेलच्या दंडांकडे बोट दाखविणाऱ्यांचे आम्हांस मान्य नाही. शरीर हा पुरावा धरला तर तालमीत जाणारा प्रत्येक मुलगा संशयित होतो. शरीर कमवावे म्हणूनच तर तो तेथे जातो.

आता घरच्या उदाहरणाकडे. नरसिंग यादव हा मुंबईचा मल्ल. २०११ ते २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणी कपटाने ते मिसळले, असे त्याचे म्हणणे, आणि ते त्याने सोडलेले नाही. नाडाच्या समितीने १ ऑगस्टला त्यास दोषमुक्त केले. वाडा या जागतिक संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली व १८ ऑगस्टला क्रीडालवादाने चार वर्षांची बंदी घातली. मराठी वृत्तपत्रांनी त्या दिवसांत रकानेच्या रकाने लिहिले, आणि ते लिखाण आम्ही पुन्हा काढून वाचले. जवळजवळ सारे नाटकाच्या भाषेत आहे. गरीब दूधवाल्याचा मुलगा, बलाढ्य प्रतिस्पर्धी, स्वयंपाकघरातील कट, स्वप्नभंग! लवादाने निर्णय कशावर दिला हे सांगणारा लेख शोधावा लागला. लवादापुढील तज्ज्ञांच्या मताचा आशय असा की, आढळलेले प्रमाण पाहता पेयात एकदा भुकटी मिसळल्याने ते संभवत नाही. गोळीच्या रूपाने, एकाहून अधिक वेळा सेवन झाले असणे अधिक संभवनीय आहे. ज्यास हे पटत नसेल त्याने ते खोडून काढावे. पण ज्याने ते वाचलेलेच नाही त्याने मल्लास हुतात्मा ठरविले काय किंवा लबाड ठरविले काय, वाचकाच्या पदरी काहीच पडत नाही. या एका प्रसंगी तरी कुजबुजीच्या जागी लेखी निर्णय उपलब्ध होता, आणि आपल्या लेखकांनी तोही कुजबुजीसारखाच वापरला.

एक आक्षेप आमच्या कानावर वारंवार येतो. कोणी म्हणतात, मल्लाने शक्तीसाठी काहीतरी विशेष खाणे हे नवे नाही, बाराव्या शतकात चालुक्यराजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या मल्लांच्या पोषणाची व्यवस्था लिहून ठेवली आहे, मग बदाम चालतो आणि गोळी चालत नाही, हा भेद कोणता? हा आक्षेप हुशारीचा आहे, गंभीर नाही. सोमेश्वराने ती व्यवस्था ग्रंथात लिहिली, राजसभेत वाचली जाईल अशा रीतीने लिहिली. बदाम वस्ताद स्वतः सर्वांसमक्ष पाट्यावर वाटतो. गोळी मात्र कोणी तालमीच्या हौद्यावर बसून खात नाही. शिवाय नियम आधी सांगितलेला आहे, आणि जोडीदाराने तो पाळला असेल, या भरवशावर दुसरा मातीत उतरतो. तो भरवसा मोडला की कुस्ती निकाली झाली तरी निकाल लागलेला नसतो.

तेव्हा चरित्रकारांस आमचे सांगणे एवढेच आहे की, ज्या कसोटीने तुम्ही डाव लिहिता त्याच कसोटीने शरीर लिहा. ढाक की कलाजंग, यात चूक झाली तर तुम्हांस लाज वाटते. दोन लिटर की बारा, यातही वाटू द्या. ज्या मल्लांनी राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धा लढल्या त्यांचे वजनगट सनवार छापा. दुखापती लिहा, हरलेल्या कुस्त्या लिहा. हरलेल्या कुस्त्या गाळण्याची चाल तर इतकी सार्वत्रिक आहे की, ही चरित्रे वाचून पाठीस माती लागलेला पैलवान सातारा-सांगलीत कोणी झालाच नाही असे वाटावे. आणि उत्तेजकांचा प्रश्न चरित्रनायकास सरळ विचारा. तुमच्या काळी तालमीत असे काही येत होते काय, तुम्हांस कोणी देऊ केले होते काय, तुम्ही काय केले, हे तीन प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. ‘नाही’ असे उत्तर आले तर ते त्याच्या शब्दांत, तारखेसह छापा; त्याच्यामागे निदान एक सही केलेला माणूस उभा राहील. ‘होय’ असे उत्तर आले तर तेही छापण्याचे धैर्य ज्याच्यापाशी नाही त्याने चरित्र लिहावयास घेऊ नये.

घरच्या माणसांस हे रुचत नाही, असे एका संपादकांनी आम्हांस सांगितले. गौरवग्रंथाचा खर्च बहुधा मुलगे किंवा पुतणे करतात, आणि त्यांना बारा लिटर हवे असते. ही अडचण खरी आहे. पण मग त्याच ग्रंथाच्या शेवटी, जाहिरातींच्या आधी, दोन पाने नोंदींसाठी राखून ठेवावीत असे आम्ही त्यांस सुचविले. त्यांनी ते मान्य केले. शिराळ्याच्या त्या वस्तादांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघावयाची आहे. तीत विसाव्या वर्षीचे वजन अडुसष्ट किलो, बाजार समितीचा काटा, असे छापले जाईल असे आश्वासन मिळाले आहे. मजकुरातील बारा लिटर मात्र पुतण्याच्या आग्रहामुळे तसेच राहणार आहेत.